‘द क्रो’ (१९९४): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘द क्रो’ मी कितीदा पाहिला याचा हिशेब ठेवलेला नाही. पण तो कुणालाही सुचवला की तेच ते प्रश्न येतात: गोष्ट काय, त्या नटाचं नेमकं काय झालं, इतका अंधार कशाला, आणि तीस वर्षं उलटली तरी लोक याला सोडत का नाहीत. त्या सगळ्यांची उत्तरं इथे एकदाच लिहून ठेवतो आहे. उत्तरांत शेवटही सांगितला आहे, त्यामुळे कोरं मन घेऊन पाहायचा असेल तर आधी चित्रपट पाहा. जेमतेम पावणेदोन तासांचा आहे.

गोष्ट काय आहे?

३० ऑक्टोबरची रात्र. डेट्रॉइटमधल्या एका जुनाट इमारतीत, अगदी वरच्या मजल्यावर, एरिक ड्रेव्हन आणि शेली वेब्स्टर राहतात. तो एका रॉक बँडमध्ये गिटार वाजवतो. दुसऱ्या दिवशी त्यांचं लग्न आहे. भाडेकरूंना हुसकावण्याविरुद्ध शेलीनं आवाज उठवलेला असतो, म्हणून चार गुंड घरात घुसतात. एरिकला मारून मोठ्या गोल खिडकीतून खाली फेकतात. शेलीवर अत्याचार होतो. रुग्णालयात तीस तास तळमळून तीही जाते.

बरोबर वर्षानं एक कावळा एरिकच्या थडग्यावर येऊन चोचीनं टकटक करतो. भर पावसात एरिक माती उपसून बाहेर येतो. जखमा त्याच्या अंगावर टिकत नाहीत आणि कावळ्याच्या डोळ्यांतून त्याला दूरचं दिसतं. एकेका गुंडाला तो शोधून काढतो आणि शेवटी त्यांच्या म्होरक्यापर्यंत, टॉप डॉलरपर्यंत, पोहोचतो.

एवढंच असतं तर ही सूडकथा झाली असती, आणि सूडकथा रग्गड आहेत. इथे आणखी दोन माणसं आहेत. एक सारा, स्केटबोर्डवर हिंडणारी शाळकरी पोर. आई अमली पदार्थांत बुडालेली, म्हणून एरिक आणि शेली हेच तिचं घर होतं. दुसरा सार्जंट अल्ब्रेक्ट, शेलीच्या उशाशी ते तीस तास बसून राहिलेला पोलीस. माझ्या लेखी चित्रपट या दोघांचा आहे. मेलेला माणूस एक-दोन रात्रींपुरता येऊन जातो, मागे राहिलेल्यांना मात्र रोज उठून जगायचं असतं.

याला सुपरहिरोचा चित्रपट म्हणायचं का?

म्हणायचं. मुळात कॉमिक आहे, ठरलेला वेष आहे, रंगवलेला चेहरा आहे, अलौकिक ताकद आहे, आणि ती ताकद हिरावून घ्यायची एक जागाही आहे: कावळा जखमी झाला की एरिकही जखमी होतो.

फरक इतकाच की बाकीचे नायक शहर वाचवायला, जग वाचवायला धावतात. एरिकचं जे वाचवायचं होतं ते वर्षापूर्वीच गेलेलं आहे. तो जिंकला तरी त्याला काही परत मिळणार नाही, हे त्यालाही माहीत आहे आणि आपल्यालाही. म्हणून मारामारी संपली की टाळ्या वाजवाव्यात असं वाटतच नाही.

मूळ कॉमिक कुणाचं?

जेम्स ओबार यांचं. ते डेट्रॉइटचे, अनाथ म्हणून वाढलेले. १९७८ मध्ये दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एका माणसामुळे त्यांच्या वाग्दत्त वधूचा जीव गेला. ओबार मरीन दलात भरती झाले आणि जर्मनीत असताना, १९८१ च्या सुमारास, त्यांनी ही पानं काढायला सुरुवात केली. छापून यायला १९८९ उजाडलं. कॅलिबर या छोट्या प्रकाशन संस्थेनं ते काढलं, आणि अर्थात काळ्या-पांढऱ्यात.

दुसरी ठिणगी वर्तमानपत्रातली. साखरपुड्याच्या एका साध्या, स्वस्तातल्या अंगठीसाठी डेट्रॉइटमध्ये एका तरुण जोडप्याचा खून झाल्याची बातमी त्यांनी वाचली होती. ती अंगठी चित्रपटात आहे. गिडियन नावाच्या सावकाराच्या दुकानात, लुटून आणलेल्या अंगठ्यांच्या ढिगात, एरिक शेलीची अंगठी शोधतो. चित्रपट संपतो तोही तिच्यावरच.

लिहून मन मोकळं होतं असं आपण म्हणतो. ओबार यांचा अनुभव उलटा होता. पान काढताना जखम पुन्हा पुन्हा उघडायची, असं त्यांनी सांगितलं आहे. कॉमिक वाचताना ते जाणवतं. चित्रपटापेक्षा ते जास्त भकास आहे, आणि तिथला एरिक स्वतःलाही इजा करून घेतो. कॉमिकमध्ये रस्त्यात गाडी बंद पडते आणि तिथे दोघांना गाठतात. चित्रपटानं ते घरात आणलं. हा बदल मला मोलाचा वाटतो. त्यामुळे एरिकला परत येण्यासाठी एक जागा मिळाली: फुटलेली खिडकी, धूळ, पांढरं मांजर, आणि हात लावावा तिथून उसळणारी आठवण.

कावळाच का? आणि मराठी माणसाला तो वेगळा का भिडतो?

साराच्या आवाजात चित्रपट सुरू होतो. माणूस गेला की कावळा त्याचा आत्मा मृतांच्या देशात नेतो, असं पूर्वी लोक मानायचे, ती सांगते. पण कधी कधी दुःख इतकं जड असतं की आत्म्याला स्वस्थता मिळत नाही, आणि मग राहिलेलं निस्तरायला कावळा त्याला परत घेऊन येतो.

हे ऐकून अमेरिकेतल्या प्रेक्षकाला एखादी जुनी, दूरची दंतकथा ऐकल्यासारखं वाटत असेल. मला आठवला तो आजोबांचा दहावा. नदीकाठी पिंड ठेवलेले. कावळे झाडावर बसलेले, एकही खाली उतरेना. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काका हात जोडून पुढे झाले आणि म्हणाले, “दादा, धाकटीचं शिक्षण आम्ही पुरं करू, काळजी करू नका.” मग कुणी जमिनीचं बोललं, कुणी आजीचं. शेवटी एक कावळा आला. भावकीतली दांडगी माणसं त्या क्षणी रडली. कावळा शिवलाच नसता तर दर्भाचा कावळा करून शिववला असता, हे सगळ्यांना माहीत होतं. तरी कुणालाही तो नको होता.

गेलेल्याचं काहीतरी अडकून राहतं, ते सुटेपर्यंत तो जात नाही, आणि सुटलं की नाही हे कावळा सांगतो. आपल्या घराघरांत हे माहीत आहे. आपल्याकडे मागे राहिलेल्यांनी वचन द्यायचं असतं. चित्रपटात गेलेलाच उठून येतो. पण कळ तीच. म्हणून सांगतो, हा चित्रपट सुडाचा वाटला तरी आतून सुतकाचा आहे. असं बघायला लागलात की त्यातला संथपणा खटकत नाही. सुतकात माणसं अशीच बसतात, अशीच एखादी वस्तू हातात घेऊन गप्प होतात.

एक बारीक गोष्ट: पडद्यावरचा पक्षी आपल्या खिडकीत येणारा राखाडी मानेचा घरकावळा नाही. चित्रीकरणासाठी त्याच कुळातले मोठे, चोचीपासून शेपटीपर्यंत काळेकुळकुळीत पक्षी शिकवून तयार केले होते.

ब्रँडन ली कोण होता?

एरिक साकारणारा नट. ब्रूस लीचा मुलगा, ही ओळख त्याला आयुष्यभर चिकटली. १ फेब्रुवारी १९६५ चा जन्म, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वडील गेले तेव्हा तो आठ वर्षांचा होता आणि ब्रूस ली बत्तीस वर्षांचे. ब्रँडन मारधाडीच्या चित्रपटांत आला खरा, पण त्याला नट म्हणून ओळखलं जावं असं वाटत होतं. ‘द क्रो’मध्ये ते दिसतं. मारामाऱ्यांच्या आखणीत त्यानं जेफ इमाडा यांच्याबरोबर स्वतः काम केलं, आणि त्यांत वडिलांची छाप पडू दिली नाही. एरिक शिकलेला लढवय्या नाही, गिटार वाजवणारा पोरगा आहे. तो धडपडतो, अंग झोकून देतो, मध्येच वेड्यासारखा हसतो.

ते हसणं नीट ऐका. दुःखानं भान सुटलेल्या माणसाला येतं तसं ते हसू आहे. रंगवलेल्या चेहऱ्याआड इतकी तगमग दाखवणारा नट पुढे काय काय करू शकला असता, हा विचार प्रत्येक वेळी येतो.

त्याचा मृत्यू नेमका कसा झाला?

याबद्दल अफवाच जास्त आहेत, म्हणून नीट सांगतो.

चित्रीकरण नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन इथे चाललं होतं. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे एरिकच्या खुनाचा प्रसंग घेत होते: तो किराण्याची पिशवी घेऊन घरात शिरतो आणि चार गुंडांतला एक, फनबॉय, त्याच्यावर गोळी झाडतो. पिस्तूल .४४ मॅग्नम जातीचं, खरं होतं. त्याआधी एका जवळच्या दृश्यासाठी त्यात दिखाऊ काडतुसं घातली होती. खऱ्या काडतुसांमधली दारू काढून ती सेटवरच तयार केली होती, पण तळाशी असलेली स्फोटक टोपी निकामी केली नव्हती. चाप ओढला गेला तेव्हा त्या टोपीच्या जोरावर शिशाची गोळी सुटून नळीत जाऊन अडकली. ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुढे त्याच पिस्तुलात ब्लँक भरलं. ब्लँकमध्ये गोळी नसते, दारू मात्र पुरेपूर असते. बार उडाला आणि नळीत अडकलेली गोळी खऱ्या गोळीच्या वेगानं ब्रँडनच्या पोटात घुसली. शस्त्रक्रिया झाली, तासन्‌तास प्रयत्न झाले. त्याच दिवशी दुपारी तो गेला. वय अठ्ठावीस.

यात कुणाचा कट नव्हता, शाप नव्हता. वडीलही तरुणपणी गेले म्हणून घराण्याला शाप असल्याच्या गोष्टी पसरल्या आणि अजून पसरतात. मला त्या फार लागतात. शाप म्हटलं की कुणी जबाबदार राहत नाही. नळीत एकदा डोकावून पाहिलं असतं तर तो वाचला असता. सरकारी वकिलांनी फौजदारी खटला भरला नाही. निष्काळजीपणा झाला होता, हे मात्र तपासातून स्पष्ट झालं. ज्यांच्या हातून चाप ओढला गेला त्या मायकल मासी यांचा काहीच दोष नव्हता. त्यांनी बराच काळ काम थांबवलं, आणि तो घाव त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. २०१६ मध्ये तेही वारले.

सतरा एप्रिलला मेक्सिकोत ब्रँडनचं एलायझा हटनशी लग्न व्हायचं होतं. अवघे सतरा दिवस उरले होते. लग्नाच्या आदल्या रात्री मारला गेलेला माणूस तो साकारत होता. चित्रपट ब्रँडन आणि एलायझा या दोघांना अर्पण केलेला आहे.

मृत्यूचं ते चित्रीकरण चित्रपटात आहे का?

नाही. तो प्रसंग पुढे वेगळ्या तऱ्हेनं, दुसऱ्या माणसाला घेऊन चित्रित केला. “ते खरं दृश्य बघ” म्हणून कुणी काही पाठवलं तर ते खोटं आहे, आणि खरं असतं तरी बघण्यासारखं नव्हतं.

मग राहिलेलं काम कसं पूर्ण केलं?

ब्रँडनचं बरंचसं काम झालेलं होतं, तरी चित्रपट बंद पडायच्या बेतात आला. पॅरामाउंटनं हात काढून घेतला, मिरामॅक्सनं पुढे येऊन पैसे घातले. दिग्दर्शक अ‍ॅलेक्स प्रोयास यांना पुन्हा सेटवर जायचं नव्हतं. घरच्यांनी, विशेषतः ब्रँडनच्या आईनं आणि एलायझानं, पाठीशी उभं राहून काम पुरं करायला सांगितलं.

पटकथेत जोडकाम झालं. कवटीच्या चेहऱ्याचा एक मार्गदर्शक होता, तो काढून टाकला, आणि जी माहिती त्याच्या तोंडी होती तिची जागा साराच्या निवेदनानं घेतली. माझ्या मते चित्रपटाला खरा आवाज इथे मिळाला. एका गूढ भुतानं नियम समजावून सांगण्यापेक्षा, दोन जिवलग गमावलेल्या पोरीनं गोष्ट सांगणं कितीतरी खरं वाटतं.

ब्रँडनच्या जागी चॅड स्टाहेल्स्की उभे राहिले. दोघे एकाच आखाड्यात शिकलेले. काही ठिकाणी त्यांच्या अंगावर संगणकानं ब्रँडनचा चेहरा बसवला. एरिक पहिल्यांदा घराच्या दारात येतो ते दृश्य पाहा: पावसात गल्लीतून चालणाऱ्या ब्रँडनचं आधीचं चित्रण उचलून त्या दारात बसवलं आहे. १९९३ मध्ये हे तंत्र अगदी बाल्यावस्थेत होतं. तरी जोड सहज दिसत नाही, कारण अंधार आणि पाऊस दोन्ही मदतीला होते. हेच स्टाहेल्स्की पुढे ‘जॉन विक’चे दिग्दर्शक झाले.

नट गेला म्हणूनच चित्रपट चालला, असं म्हणतात. खरं आहे का?

पहिल्या आठवड्यात लोक त्यासाठी आले असतील, ते मी नाकारत नाही. १३ मे १९९४ ला तो अमेरिकाभर लागला, पहिल्या क्रमांकावर गेला आणि तिथे ५ कोटी डॉलरहून अधिक कमावले; खर्च २.३ कोटींच्या आसपास होता. पण कुतूहल तीस वर्षं टिकत नाही. आज विशीत असलेली मुलं हा चित्रपट पाहतात तेव्हा त्यांतल्या कित्येकांना ब्रँडन लीचं नावही माहीत नसतं. तरी पाहून झाल्यावर ती बराच वेळ बोलत नाहीत.

काळही तसा होता. चित्रपट लागण्याच्या पाच आठवडे आधी ‘निर्वाणा’ या रॉक बँडचा गायक कर्ट कोबेन गेला होता. एका पिढीच्या मनात जे दाटलं होतं ते या चित्रपटात त्यांना दिसलं. आणि दुःख करणाऱ्यांना हा चित्रपट “सावर आता” असं कुठेच म्हणत नाही. एरिक सावरत नाही. त्याला सावरायची सक्ती कुणी करत नाही. तो आपलं राहिलेलं पुरं करतो आणि शेलीपाशी जातो. ज्यानं जवळचं माणूस अकाली गमावलं आहे त्याला विचारा, ही मोकळीक किती दुर्मीळ असते.

इतका अंधार, इतका पाऊस कशासाठी?

ओबार यांची पानं शाईनं माखलेली होती. प्रोयास आणि छायाचित्रकार दारिउश वोल्स्की यांनी ती शाई पडद्यावर आणली. वर्तमानातली रात्र जवळजवळ बेरंग आहे: काळा, राखाडी, ओल्या डांबराची चमक, कुठे तरी आगीचा नारिंगी डाग. आठवणींमध्ये मात्र ऊब येते. शेली दिसते तेव्हा रंग परत येतात, प्रकाश अंगावर पडतो. कुणाचंही आयुष्य रिकामं झालं की घरातले रंग जातात ना, तसंच. इथे अंधार हे सोंग नाही, त्याला कारण आहे.

शहर बरंचसं खोटं आहे. कला दिग्दर्शक अ‍ॅलेक्स मॅकडॉवेल यांनी रस्ते उभारले, आणि कावळ्याच्या नजरेतून दिसणारी छपरं लहान प्रतिकृतींची आहेत. जाहिराती आणि गाण्यांच्या चित्रफिती करून आलेल्या प्रोयास यांना कमी पैशांत मोठं चित्र उभं करायची सवय होती. ते शहर कुठल्याच खऱ्या नकाशावर बसत नाही, म्हणून ते जुनंही होत नाही. त्याच काळातले कितीतरी चकचकीत चित्रपट आज थकलेले दिसतात.

पावसाबद्दल एवढंच: एरिकच्या गाण्यातली एक ओळ सारा जपून ठेवते. पाऊस काही सगळाच वेळ पडत राहत नाही, असा तिचा अर्थ. आषाढातली आठ-आठ दिवसांची झड पाहिलेल्या माणसाला त्या साध्या ओळीत काय आहे ते सांगायला नको.

डेट्रॉइटच का?

ओबार यांचं गाव, हे एक. दुसरं म्हणजे हॅलोवीनच्या आदल्या रात्री, ३० ऑक्टोबरला, तिथे खरोखर आगी लावल्या जायच्या. त्या रात्रीला ‘डेव्हिल्स नाइट’ म्हणत. १९८४ मध्ये त्या सुमारास आठशेहून जास्त आगी लागल्या. मोटारींचे कारखाने बंद पडत होते, वस्त्या ओस पडत होत्या, रिकामी घरं जळत होती. चित्रपटातली जळती इमारत म्हणजे कल्पना नव्हे. १९९५ पासून शहरातले हजारो लोक स्वयंसेवक होऊन त्या रात्री गस्तीला उभे राहू लागले, आणि त्यांनी त्या रात्रीचं नाव बदलून ‘एंजल्स नाइट’ केलं.

संगीताबद्दल एवढं का बोललं जातं?

कारण गाण्यांचा हा संग्रह स्वतःच्या पायावर उभा आहे. ‘बिलबोर्ड’च्या अल्बम यादीत तो पहिल्या क्रमांकावर गेला होता. ओबार कॉमिक काढताना जॉय डिव्हिजन आणि द क्युअर हे बँड ऐकत; अल्ब्रेक्ट हे पोलिसाचं नावही जॉय डिव्हिजनच्या गिटारवादकावरून आलं. चित्रपटासाठी द क्युअरनं ‘बर्न’ हे नवं गाणं दिलं. एरिक चेहरा रंगवतो तेव्हा ते वाजतं, आणि त्या ढोलांच्या ठेक्यावर तो माणसाचा कावळा होतो. नाइन इंच नेल्सनं जॉय डिव्हिजनचं ‘डेड सोल्स’ पुन्हा गायलं. एरिक छपरांवरून धावतो त्याखाली ते आहे. म्हणजे कॉमिकच्या पानांमागे जे सूर होते तेच पडद्यावर परत आले.

पार्श्वसंगीत ग्रॅम रेव्हेल यांचं. तिकडे लोकांचं लक्ष कमी जातं. गाणी बंद झाल्यावर, स्मशानात, ते किती हळू पावलांनी चालतं ते एकदा ऐका.

चेहऱ्याचा तो पांढरा रंग कुठून आला?

ओबार यांनी नाटकातल्या हसऱ्या-रडव्या मुखवट्यांवरून तो घेतला: ओठांवर हसू, डोळ्यांवर उभी काळी रेघ. चित्रपटात एरिकला तो शेलीच्या घरातल्या मुखवट्यावरून सुचतो. पुढे १९९६ मध्ये अमेरिकेतल्या कुस्तीतला स्टिंग हाच चेहरा रंगवून आखाड्यात उतरू लागला. आपल्यापैकी अनेकांनी चित्रपटाआधी हा चेहरा कुस्तीतच पाहिला.

यात काही खटकतं का?

हो. टॉप डॉलरची बहीण मायका हे पात्र बाई लिंग यांनी जीव ओतून केलं आहे, पण लिहिलंय ते आशियाई बाई म्हणजे गूढ, क्रूर जादूटोणा एवढ्याच समजुतीवर. आज ते बघवत नाही. कावळ्याला मारलं की एरिकचं बळ जातं, हेही शेवटाकडे घाईनं येतं, चर्चच्या छतावरची लढाई रंगावी म्हणून.

आणि शेली. तिच्या वाट्याला सोसणं जास्त आलं, बोलणं कमी. आठवणींच्या तुकड्यांतून ती गोड दिसते, पण अर्ज लिहिणारी, भाडेकरूंसाठी भांडणारी शेली आपल्याला नीट भेटतच नाही. ती भेटली असती तर चित्रपट आणखी मोठा झाला असता.

मुलांबरोबर पाहावा का?

नाही. अत्याचार, अमली पदार्थ, रक्त सगळं आहे. अमेरिकेतही त्याला आर प्रमाणपत्र होतं, म्हणजे सतरा वर्षांखालच्यांनी मोठ्या माणसाबरोबरच पाहायचा. सोळा-सतराच्या मुलामुलींबरोबर बसून पाहता येईल, पाहून झाल्यावर बोलायची तयारी असेल तर. घरात अलीकडे कुणी गेलं असेल तर थोडं थांबा.

पुढचे भाग पाहावेत का?

१९९६, २००० आणि २००५ मध्ये तीन भाग आले, १९९८ मध्ये एक मालिका आली, आणि २०२४ मध्ये बिल स्कार्सगार्डला घेऊन रूपर्ट सँडर्स यांनी कथा नव्यानं सांगितली. प्रोयास यांचा नव्यानं करण्यालाच विरोध होता. हा ब्रँडनचा वारसा आहे, त्याला हात लावू नये असं ते जाहीरपणे म्हणत आले. माझं मत त्यांच्यासारखंच. त्या सगळ्यांनी वेष उचलला, रंग उचलला, मेलेला माणूस उठवला. थांबून बसायचं कसब मात्र कुणी उचललं नाही.

त्या अपघातातून चित्रपटसृष्टी काही शिकली का?

पुरेसं नाही. २०२१ मध्ये ‘रस्ट’ या चित्रपटाच्या सेटवर पिस्तुलातून सुटलेल्या गोळीनं छायाचित्रकार हलाइना हचिन्स यांचा जीव गेला. कारण वेगळं होतं, तिथे खरं काडतूसच सापडलं. पण त्या दिवशी जगभर पुन्हा ब्रँडनचं नाव निघालं. संगणकावर नळीची ठिणगी काढता येते, आवाज नंतर घालता येतो. एखाद्या दृश्यासाठी सेटवर बार उडवण्याचं समर्थन मला आता पटत नाही.

कसा पाहावा?

रात्री, दिवे घालवून, जमेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर. दुपारच्या उजेडात फोनवर पाहिलात तर निम्मा चित्रपट दिसणारच नाही. तिसाव्या वर्षी, २०२४ मध्ये, नवी ४के प्रत निघाली. तिच्यात काळ्या रंगाच्या आतले थर उलगडतात. मराठीत उपशीर्षकं नसली तरी अडत नाही, संवाद थोडे आणि साधे आहेत.

एकच प्रसंग पुन्हा पाहायचा तर कोणता?

बहुतेक जण छपरावरचं गिटार म्हणतील, किंवा गुंडांच्या बैठकीतला गोळीबार. मी डार्लाचा प्रसंग म्हणेन.

डार्ला ही साराची आई. फनबॉयबरोबर नशेत पडलेली असताना एरिक येतो. तिला तो मारत नाही. आरशासमोर उभी करतो, पोरांच्या ओठांवर देवाचं नाव म्हणजे आई, असं सांगतो, आणि तिचा दंड आवळतो. सुईच्या भोकांमधून मॉर्फिन बाहेर येतं. मुलगी रस्त्यावर तुझी वाट बघते आहे, म्हणतो. बस.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारा उठते तर आई चुलीपाशी. अंडी करते आहे. हाताला सवय नाही, कशी हवीत तेही तिला आठवत नाही. सारा दारात उभी राहून बघते. विश्वास ठेवावा की नाही ते तिला कळत नाही. आई काहीतरी बोलायला जाते, अडखळते. बाहेर अजून सगळं तसंच आहे, गुंड आहेत, शहर जळतं आहे, आणि इथे एका कळकट स्वयंपाकघरात एक बाई कित्येक महिन्यांनी लेकीसाठी ताट मांडते आहे. एरिक तिथे नाहीच. त्याला हे कधी कळतही नाही.